सफरचंदाच्या चार फोडी

मे महिन्यातली भर दुपार. खामगावचं ऊन काय असतं ते आमच्या भागातल्या मैत्रिणींना सांगायला नको. पारा 44 अंशांवर गेलेला. सासूबाईंचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. चोवीस तास अंथरुणावर. पाठ कोरडी ठेवा, घामाने जखमा झाल्या की भरून यायला महिने लागतात, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एरवी आम्ही पक्के कूलरवाले. पण नणंदबाईंनी घर बदलताना त्यांचा जुना एसी देऊ केला आणि आईंच्या खोलीत तो बसवून घेतला होता.

त्या दुपारी आईंनी हाक मारली. जाऊन बघते तर एसी चालू, दिवा लागलेला, वाराही येतोय. पण तो वारा कोमट! गच्चीवर जाऊन पाहिलं, तर बाहेरचं युनिट अगदी मुकं. पंखा जागचा हलत नव्हता. हे ऑफिसच्या कामाने बाहेरगावी. मेकॅनिकला फोन लावला. त्याने काही न बघताच फोनवर निदान करून टाकलं की गॅस संपला असणार, तीन-साडेतीन हजार लागतील, आणि सीझन असल्याने तो परवा संध्याकाळपर्यंत येऊ शकेल. फोन ठेवला आणि मला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं. आईंच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता.

आणि अशा वेळी मला कोण आठवावं? विलिस कॅरिअर! म्हणजे ज्यांनी हे एसीचं यंत्र जगाला दिलं तेच गृहस्थ. बी.ए.ला असताना डेल कार्नेगी यांचं चिंता या विषयावरचं पुस्तक वाचलं होतं. ते 1948 साली अमेरिकेत निघालं. त्यात सुरुवातीलाच कॅरिअर यांची एक हकिकत आहे. तरुणपणी त्यांनी मिसुरी राज्यातल्या क्रिस्टल सिटी इथल्या काच कारखान्यात गॅस शुद्ध करण्याचं एक यंत्र बसवलं. यंत्र चाललं, पण कबूल केल्याप्रमाणे काम देईना. कॅरिअर यांची झोप उडाली. मग त्यांनी स्वतःच स्वतःला सावरलं, ते तीन पायऱ्यांनी. जास्तीत जास्त वाईट काय होईल, हे आधी स्पष्ट पाहायचं. ते घडलंच तर सोसू, अशी मनाची तयारी करायची. आणि मग शांत डोक्याने त्यातून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं. त्यांच्या कंपनीचे फार तर 20 हजार डॉलर बुडणार होते. शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं, की आणखी 5 हजार डॉलरची सामग्री जोडली तर काम होईल. तसं केलं, आणि 20 हजारांच्या तोट्याऐवजी 15 हजारांचा फायदा झाला.

म्हटलं, आपणही हेच करू. वाईटात वाईट काय? दोन रात्री एसीविना. मान्य. बैठकीतला कूलर ओढत आईंच्या खोलीत आणला, समोरची खिडकी उघडली, दर दोन तासांनी त्यांची पाठ पुसून चादर बदलायची असं ठरवलं. आई जरा निवांत झाल्या. मग मीही झाले. त्या रात्री त्यांच्या उशाशी बसून मी कॅरिअर यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचता वाचता कळलं, की या माणसाच्या मोठेपणाचं मूळ कुठल्या प्रयोगशाळेत नाही, एका स्वयंपाकघरात आहे.

विलिस हॅविलँड कॅरिअर यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1876 चा. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराजवळ अँगोला नावाचं छोटंसं गाव आहे, तिथल्या एका शेतावरचा. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण हा अगदी खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. आईवडिलांचं एकुलतं एक लेकरू. आईचं नाव एलिझाबेथ. या बाईंच्या हाताला गुण होता. घरातलं बंद पडलेलं घड्याळ, कुरकुरणारं शिवणयंत्र, मोडकी अवजारं त्या स्वतःच खोलून नीट करायच्या. म्हणजे विलिसने यंत्राशी बोलणारा पहिला माणूस पाहिला तो आपली आई.

छोट्या विलिसला गणितातले अपूर्णांक काही केल्या समजेनात. अर्धा, पाव, एकअष्टमांश, त्यांची बेरीज-वजाबाकी, सगळाच गोंधळ. आपल्याकडे अशा वेळी पाठीत एक धपाटा मिळतो. एलिझाबेथबाईंनी त्याला तळघरातून भांडंभर सफरचंदं आणायला लावली. ती कापायला सांगितली. आधी दोन फोडी, मग चार, मग आठ. फोडी एकत्र ठेवायच्या, बाजूला काढायच्या, मोजायच्या. पोराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढे म्हातारपणीही ते ही सफरचंदं विसरले नाहीत. मोठा प्रश्न आला की त्याच्या लहान लहान फोडी करायच्या आणि एकेक फोड सोडवायची, ही शिकवण त्यांना तिथे मिळाली.

विलिस अकरा वर्षांचा असताना आई गेली. ती शिकवण मात्र मागे राहिली.

पुढचं शिक्षण सोपं नव्हतं. 1890 नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी आली होती, शेतावर पैसा नव्हता. विलिसने काही काळ शाळेत शिकवलं, मग बफेलो शहरात जाऊन पुढची शाळा केली आणि शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीत सगळं भागत नव्हतं. म्हणून लोकांच्या अंगणातलं गवत कापणं, भट्ट्या पेटत्या ठेवणं, जेवणाच्या टेबलावर वाढणं अशी कामं केली. आणखी एक उद्योग केला तो मला फार आवडला. मुलांचे कपडे धुण्यासाठी विद्यार्थ्यांची सहकारी लाँड्री काढली! 1901 साली ते इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि बफेलो फोर्ज या कंपनीत लागले. ही कंपनी पंखे आणि हवा तापवण्याची साधनं बनवायची. पगार आठवड्याला 10 डॉलर.

नोकरीला वर्षही झालं नसेल, तोच ब्रुकलिनच्या एका छापखान्याचं गाऱ्हाणं कंपनीकडे आलं. सॅकेट-विल्हेल्म्स हे छापखान्याचं नाव. तिथे रंगीत चित्रं छापायचे. तेव्हा एकेक रंग वेगवेगळा छापला जाई. आज पिवळा, मग लाल, मग निळा. पण उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा. त्यामुळे दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसायचाच नाही. चित्रातल्या बाईचे ओठ गालावर जायचे म्हणा ना! कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे वाया जात होते.

ओलाव्याने काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. श्रावणात पापडाचा डबा अर्धा तास उघडा राहिला तरी पापड मऊ पडतो. मिठाच्या बरणीला पाझर फुटतो. कॅरिअर यांच्यापुढे सवाल होता तो असा की हवेतलं हे पाणी काढायचं कसं, आणि काढायचं तर नेमकं किती.

आता स्वयंपाकघरातलीच दुसरी गोष्ट आठवा. फ्रीजमधल्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला की बाहेरून थेंब जमतात. ते पाणी पेल्यातून आलेलं नसतं, हवेतलं असतं. गार पृष्ठभागाला हवा लागली की ती आपलं पाणी तिथे सोडून देते. कॅरिअर यांनी हेच केलं. ज्या नळ्यांमधून वाफ फिरवून खोल्या तापवत, तसल्या नळ्यांमधून थंडगार पाणी फिरवायचं आणि त्यांच्यावरून पंख्याने हवा घालवायची. पाणी नळ्यांवर जमतं, हवा कोरडी आणि गार होऊन पुढे जाते. आपल्या एसीच्या पाइपातून टपटपणारं पाणी आपण बादलीत धरतो ना, ते हेच.

या यंत्रणेचे आराखडे 17 जुलै 1902 रोजी तयार झाले. कॅरिअर तेव्हा 25 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांचं लग्नही झालं. छापखान्यात बारा महिने 55 टक्के आर्द्रता ठेवायची होती. पूर्ण झाल्यावर त्या यंत्रणेची ताकद 54 टन भरली. आपण एक टनाचा, दीड टनाचा एसी म्हणतो तोच हा टन, आणि त्याचा यंत्राच्या वजनाशी काहीही संबंध नाही. यंत्रं येण्याआधी गारव्यासाठी बर्फच वापरायचे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढं काम करणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. मीही इतकी वर्षं टन म्हणजे वजनच समजत होते!

कॅरिअर एवढ्यावर थांबले नाहीत. 1902 च्याच हिवाळ्याच्या सुमारास पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर ते गाडीची वाट पाहत उभे होते. सगळीकडे दाट धुकं. दुसरा कुणी गाडीला उशीर म्हणून वैतागला असता. हे गृहस्थ धुक्याकडे बघत विचार करत राहिले. धुक्यात हवा पाण्याने पूर्ण भरलेली असते. पण थंडीत हवेला मुळात कमीच पाणी पेलतं. मग थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली आणि त्या पाण्याचं तापमान आपल्या हातात ठेवलं, तर हवेत किती पाणी ठेवायचं हेही आपल्याच हातात आलं की! पाणी शिंपडून हवा कोरडी करायची, असा हा उफराटा वाटणारा विचार. त्याचं पेटंट त्यांना 2 जानेवारी 1906 रोजी मिळालं. एअर कंडिशनिंग हा शब्द मात्र त्यांचा नाही. तो त्याच वर्षी कापड गिरण्यांसाठी काम करणाऱ्या स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरला. 1911 साली कॅरिअर यांनी हवेचं तापमान आणि ओलावा यांच्या नात्याची सूत्रं अमेरिकेतल्या यांत्रिकी इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. या शास्त्राचा पाया आजही तोच आहे.

त्यांच्या घरात मात्र दुःख आलं. पहिली पत्नी एडिथ 1912 साली वारली. पुढे दुसरं लग्न झालं. त्यांनी दोन मुलगे दत्तक घेऊन वाढवले. तिकडे 1914 साली महायुद्ध सुरू झालं आणि कंपनीने ठरवलं की हे हवेचे उद्योग आता पुरे. दुसरा एखादा हताश झाला असता. कॅरिअर आणि त्यांचे सहा सोबती अशा सात इंजिनिअरांनी आपापली पुंजी एकत्र केली, 32,600 डॉलर जमवले आणि 1915 साली स्वतःची कंपनी काढली. हे वाचून मला हसू आलं. अहो, हा तर बचत गटच झाला!

आता एक गंमत बघा. या यंत्राने पहिली वीसेक वर्षं गारवा दिला तो मुख्यतः मालाला. कागदाला, सुताला, तंबाखूला. माणसाचा नंबर लागला तो फार उशिरा. त्याला एक कारणही होतं. गारवा तयार करायला बहुतेक अमोनिया वापरत आणि तो विषारी. गर्दीच्या जागी तो गळला तर अनर्थ. यंत्रंही अवाढव्य. 1922 साली कॅरिअर यांनी नव्या पद्धतीचं, आकाराने आटोपशीर आणि त्यामानाने सुरक्षित यंत्र लोकांपुढे आणलं. 1924 साली डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात तसली यंत्रं बसली. त्या दुकानाच्या तळघरात स्वस्त मालाचा सेल लागायचा. गर्दी आणि उकाड्याने गिऱ्हाइकांना चक्क भोवळ यायची. सेलची गर्दी आपल्याला ठाऊक आहेच. म्हणजे गारव्याचा लाभ झालेल्या पहिल्या सामान्य माणसांमध्ये चार पैसे वाचवायला आलेल्या बायाबापड्याही होत्या.

खरी परीक्षा झाली 1925 साली, न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये. त्या काळी उन्हाळ्यात अनेक थिएटरं बंदच ठेवत, कारण आत जीव गुदमरायचा. मे महिन्याच्या अखेरीला सुट्टीच्या दिवशी गार हवेचं थिएटर उघडणार म्हणून बाहेर रांगा लागल्या. सिनेमासृष्टीतले बडे प्रस्थ अ‍ॅडॉल्फ झुकर स्वतः येऊन बाल्कनीत बसलेले. लोकांच्या हातात पंखे होते, न जाणो लागले तर. आणि नेमका त्याच दिवशी यंत्र सुरू व्हायला उशीर झाला! दारं उघडली, थिएटर भरलं, तरी आत उकाडाच. पाहता पाहता सुमारे दोन हजार हातपंखे फडफडायला लागले. कॅरिअर पडद्याच्या बाजूला उभे राहून ते बघत होते. त्यांना वाटत होतं, झुकरसाहेब सिनेमा कुठे बघतायत, ते तर पंखेच मोजतायत.

त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल ते मला त्या रात्री पुरेपूर कळलं. यंत्र चालत नाही आणि सगळ्यांचे डोळे आपल्याकडे. पण यंत्र सुरू झालं. भरलेलं थिएटर गार व्हायला वेळ लागतोच. हळूहळू एक पंखा थांबला, मग दुसरा, मग एकेक करत पंखे मांडीवर उतरले. लोक सिनेमात रंगून गेले. झुकर बाहेर आले ते लोकांना हे आवडणार असं सांगतच. पुढच्या पाच वर्षांत कॅरिअर यांनी तीनशेच्या आसपास थिएटरं गार केली.

घरात मात्र हा गारवा लगेच आला नाही. 1928 साली कॅरिअर यांनी घरासाठी छोटं यंत्र काढलं, पण पाठोपाठ महामंदी आली आणि लोकांना भाकरीची भ्रांत पडली. 1939 मध्ये त्यांची दुसरी पत्नीही गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कंपनीने एस्किमोंच्या बर्फाच्या घरासारखी इमारत उभारून लोकांना गारवा अनुभवायला दिला. महायुद्ध संपल्यावर घरोघरी एसी जायला लागले, ते डोळे भरून पाहायला ते फार दिवस राहिले नाहीत. 7 ऑक्टोबर 1950 रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी ते गेले.

त्यांचं चरित्र लिहिलं एका स्त्रीने, हे मुद्दाम सांगते. मार्गारेट इंगल्स हे त्यांचं नाव. 1916 साली केंटकी विद्यापीठातून त्या यांत्रिकी इंजिनिअर झाल्या. अमेरिकेत ही पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. कॅरिअर यांच्याच कंपनीत त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि 1952 साली हे चरित्र प्रसिद्ध केलं.

एवढं वाचून होईतो पहाट झाली होती. मनात आलं, एलिझाबेथबाई आज इथे असत्या तर काय केलं असतं? मेकॅनिकची वाट बघत बसल्या नसत्या. फोडी केल्या असत्या. चहा घेतला आणि मीही कामाला लागले.

पहिली फोड रिमोटची. मोड बदलून नुसत्या पंख्यावर गेला असेल तर आतून वारा येतो, पण बाहेरचं युनिट उठतच नाही. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह हवं, आणि तापमान खोलीपेक्षा कमी लावलेलं हवं. माझं दोन्ही बरोबर होतं.

दुसरी फोड वेळेची. एसी बंद करून लगेच चालू केला की कॉम्प्रेसरला इजा होऊ नये म्हणून तो साधारण तीन मिनिटं थांबून सुरू होतो. लाइट येते-जाते तेव्हा आपण घाबरून रिमोट पुन्हापुन्हा दाबतो, आणि ती तीन मिनिटं दर वेळी नव्याने सुरू होतात. मी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. काही नाही.

तिसरी फोड विजेची. एसीचा वेगळा एमसीबी खाली पडलाय का, स्टॅबिलायझरवर व्होल्टेज कमी दिसतंय का, कुठे जळका वास येतोय का. एमसीबी पुन्हापुन्हा पडत असेल तर तो हट्टाने वर करू नये, इलेक्ट्रिशियनलाच बोलवावं. आमचं सगळं ठीक होतं.

चौथी फोड खुद्द बाहेरच्या युनिटची. एमसीबी बंद करून गच्चीवर गेले. टाकीचा जुना पत्रा कुणीतरी युनिटला टेकवून ठेवलेला, जाळीवर धुळीचा थर. बाहेरच्या युनिटचं काम खोलीतली उष्णता बाहेर टाकणं. फ्रीजची मागची बाजू गरम लागते तसंच हे. त्याचं तोंडच बांधलं तर ते गुदमरणारच. पत्रा हलवला, मऊ ब्रशने वरवरची धूळ काढली, झाकण मात्र उघडलं नाही. मग लेकीला खाली एसी सुरू करायला सांगितलं आणि दूर उभी राहून नुसतं ऐकलं. गूंऽऽ असा आवाज आला, पंखा मात्र हलेना, काही क्षणांनी टक्‌ झालं आणि सगळं गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तेच. लगेच एसी बंद करून टाकला.

आता माझ्याकडे नेमकी एक फोड उरली होती. दुसऱ्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला आणि हेच शब्दशः सांगितलं. वीज पोचते, घरघर होते, पंखा फिरत नाही, टक्‌ होऊन बंद पडतं. तो म्हणाला, ताई, हा तर कपॅसिटर दिसतोय, दुपारच्या जेवणाआधी येऊन जातो. आला, झाकण उघडलं, वरून फुगलेला डबीसारखा भाग दाखवला. मोटर आणि कॉम्प्रेसर यांना सुरुवातीचा झोका हा कपॅसिटर देतो, झुल्याला पहिला धक्का द्यावा तसा. तो थकला की पुढचं सगळं जागच्या जागी. नवा बसवायला वीस मिनिटं लागली आणि खर्च काही शे रुपये. पंखा फिरला तेव्हा रिव्होली थिएटरात उभी असल्यासारखं वाटलं मला!

दोन गोष्टी त्याने बजावल्या त्या तुम्हालाही सांगते. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही झटका देण्याइतका भार राहू शकतो, म्हणून झाकण आपण कधीच उघडायचं नाही. आणि अडकलेला पंखा काडीने ढकलून बघण्याचं धाडस करायचं नाही. फोडी आपण करायच्या, पण सुरी कुठपर्यंत चालवायची हेही आपल्याला कळायला हवं. गॅसचं म्हणाल, तर एसीचा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही, तो कुठून तरी गळतो. गळती न शोधता नुसता भरून घेतला तर पैसे पुन्हा हवेत. शिवाय साध्या एसीत गॅस कमी झाला तरी बाहेरचा पंखा बहुतेक फिरतोच. इन्व्हर्टर एसी असेल तर आतल्या युनिटवर जे अक्षर-आकडे दिसतात किंवा दिवा जितक्या वेळा लुकलुकतो, ते लिहून ठेवून मेकॅनिकला सांगावं.

एक टोचणीही आहे, ती लपवत नाही. आमच्या खोलीतली उष्णता आम्ही गच्चीवर टाकतो, ती शेजारच्या पत्र्याच्या घरालाही लागते. आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी तशाच पत्र्याखाली मे महिना काढतात. कॅरिअर यांच्या काळी या बाजूचा विचार फारसा नव्हता; आपल्याला तो करावाच लागेल. 2020 पासून आपल्याकडे नवे एसी मुळातच 24 अंशांवर लावलेले येतात. ते तिथेच राहू द्यावेत. आम्हीही आईंच्या खोलीपुरताच आणि 24 वरच ठेवतो.

पुढच्या बैठकीत मी बायकांना ही हकिकत सांगितली. मग एकेकीला कंठ फुटला. कुणी मिक्सरची वायर जोडलेली, कुणी शेगडीचा बर्नर मोकळा केलेला, एकीने तर पाण्याची मोटर दोनदा सुरू केलेली. आपल्यातल्या किती जणी हे करतात आणि त्याला काम म्हणत नाहीत!

विलिस कॅरिअर यांचं नाव आज जगभरातल्या यंत्रांवर आहे. एलिझाबेथबाईंचं नाव कुठल्याच यंत्रावर नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या त्या माउलीने लेकराचं कौतुक पाहिलंही नाही. पण बंद पडलेलं काहीही समोर आलं की मला आता त्याच आठवतात. तळघरातून सफरचंदं आणायला सांगणाऱ्या.